शेजाऱ्याचा वेढा, आपला तह
(प्रस्तावना)

खुलताबादला येणारा माणूस बहुधा दोन कारणांनी येतो : भद्रा मारुतीच्या दर्शनाला, नाहीतर औरंगजेबाची कबर पाहायला. कबर पाहून अनेकांचा विरस होतो. उघड्यावरची माती, तिच्यावर वाढलेलं रोपटं आणि लॉर्ड कर्झनच्या काळात भोवती बसवलेली संगमरवरी जाळी, एवढंच तिथे आहे. २०२५ च्या मार्चमध्ये याच मातीवरून महाराष्ट्रभर वाद पेटला आणि गावात पोलिसांचा बंदोबस्त वाढला. त्या वादात बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की याच गावात मलिक अंबर पुरलेला आहे, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन, ज्याला आपण तानाशहा म्हणून ओळखतो, तोही शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्यापाशी इथेच आहे. अंबराने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं मुघलांना दख्खनेत स्वस्थ बसू दिलं नाही. तानाशहाने राज्य गमावल्यानंतर बारा-तेरा वर्षं दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत काढली. ज्याने त्याला कैदेत घातलं तो बादशहाही शेवटी त्याच गावात आला. दौलताबाद इथून अर्ध्या तासाच्या वाटेवर, आणि भोसल्यांचं वेरूळ त्याहूनही जवळ. या पुस्तकात येणारी बरीचशी माणसं या एवढ्याशा टापूतून कधी ना कधी गेलेली आहेत.

पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगता येतो. १५९५ साली शाहजादा मुरादने अहमदनगरला वेढा घातला, तेव्हापासून १६८७ साली गोवळकोंडा पडेपर्यंत, दख्खनच्या राज्यांनी मुघलांच्या दाबाखाली आलेल्या शेजाऱ्याला मदत केली का, केली तर कशी, आणि त्या मदतीचं पुढे काय झालं.

या प्रश्नाचं शाळेतलं उत्तर आपल्याला पाठ आहे : एकी नव्हती, म्हणून बुडाले. मला हे उत्तर कधीच पुरेसं वाटलं नाही. नव्वद वर्षांचा हा हिशेब मांडून बसलं की दिसतं ते वेगळंच. विजापूरने अहमदनगरला मदत केली, एकदा नव्हे, अनेकदा. गोवळकोंड्याने विजापूरला केली. शिवाजी महाराजांनी विजापूरला केली, संभाजी महाराजांनीही केली. एकीच्या शपथा झाल्या, सोयरिकी झाल्या, फौजा निघाल्या, पैसे पोचले. एकी अधूनमधून होत होतीच. ती टिकत का नव्हती, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मदत करणाऱ्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा बुऱ्हाणपूरच्या मुघल छावणीत शोधावं असं मला वाटतं. मदत करणाऱ्याला देण्यासारखं काहीतरी मुघलांपाशी नेहमी असे. कधी एखादा किल्ला, कधी पन्नास परगणे, तर कधी नुसता किताब.

सुरुवात अहमदनगरपासून. चांदबीबीचं नाव घेतलं की आपल्याला तटाचं खिंडार आणि रात्रीत बुजवलेली भिंत आठवते. त्या वेढ्याचा निकाल मात्र भिंतीएवढाच बाहेरून येणाऱ्या फौजेनेही लागला. चांदबीबी निजामशाहीची लेक आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. तिच्या शब्दावर विजापूरचा सुहेलखान फौज घेऊन निघाला, गोवळकोंड्याची कुमक त्याला मिळाली, आणि ही फौज येऊन ठेपण्याआधी मुरादला तह उरकावा लागला. १५९६ च्या त्या तहात वऱ्हाड गेलं, अहमदनगर राहिलं. दुसऱ्या वर्षी गोदाकाठी सोनपेठजवळ तिन्ही राज्यांच्या फौजा मुघल सेनापती खानखानानशी एकत्र लढल्या आणि हरल्या. हरणं महत्त्वाचं नाही, लढाया हरल्या जातात. त्यानंतर सुहेलखानासारखी फौज अहमदनगरसाठी पुन्हा आली नाही, हे महत्त्वाचं. १६०० साली वेढा पुन्हा पडला तेव्हा चांदबीबी एकटी होती. तहाची बोलणी करते म्हणून आपल्याच माणसांनी तिला ठार केलं आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

राजधानी पडली की राज्य संपलं, असा मुघलांचा समज असावा. तो चुकीचा ठरवला मलिक अंबराने. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाही पेशव्याच्या चाकरीत वाढलेला हा माणूस. त्याने परंड्याला निजामशाही घराण्यातला मुलगा गादीवर बसवला, मराठा घोडेस्वारांची पथकं हाताशी धरली, आणि १६१० साली अहमदनगर परत घेतलं. आज ज्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते त्याने खडकी या नावाने त्याच सुमारास वसवलं. शहराला पाणी पुरवणाऱ्या त्याच्या नहरीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या मानाने हे कमी सांगितलं जातं की त्याच्या पहिल्या उभारणीत विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाचा हात होता. इब्राहिमने त्याला कंधारचा किल्ला दिला (आपल्या नांदेड जिल्ह्यातलं कंधार), घोडदळाची कुमक दिली, आणि अंबराचा मुलगा फत्तेखान याची सोयरीक विजापूरच्या एका मोठ्या सरदाराच्या घरात झाली. इब्राहिमचा हिशेब साधा होता : निजामशाही जिवंत आहे तोवर मुघल आणि विजापूर यांच्यात एक दार आहे.

याला स्वार्थ म्हणावं का? अवश्य म्हणावं. मला तर या सगळ्या काळात निःस्वार्थ मदतीचं एकही उदाहरण सापडलेलं नाही, आणि स्वार्थाने केलेली मदत कमी प्रतीची असते असंही वाटत नाही. उलट ती भरवशाची असते, जोवर स्वार्थ बदलत नाही तोवर. मुघलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. १६१६ साली जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला, खडकी जळाली. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम, म्हणजेच शाहजहान, दख्खनेत आला, तेव्हा मध्यस्थी केली ती विजापूरने. अहमदनगरचा किल्ला मुघलांना परत मिळाला, आणि जहांगीरने इब्राहिमला ‘फर्जंद’ म्हटलं, म्हणजे आपला पुत्र. हातात विजापूरला दुसरं फारसं काही पडलं नाही. पण आपण अंबराच्या पंक्तीतले नव्हेत, बादशहाच्या घरातले आहोत, असं विजापूरच्या दरबाराला वाटू लागण्यासाठी तेवढं पुरलं. अंबराला जहांगीर काय समजत होता हे पाहायचं तर त्याने काढवून घेतलेलं एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे : भाल्यावर टांगलेलं अंबराचं मुंडकं आणि त्यावर नेम धरलेला बादशहा. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही.

१६२० साली अंबराने विजापूर-गोवळकोंड्याला पुन्हा सोबत घेतलं आणि थेट बुऱ्हाणपूरला वेढा दिला. शाहजहान धावून आला, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली. १६२१ च्या तहात तिघांवर मिळून ५० लाखांची खंडणी बसली : गोवळकोंड्यावर २०, विजापूरवर १८ आणि निजामशाहीवर १२. ही विभागणी पाहण्यासारखी आहे. ज्याने युद्ध चालवलं त्याच्यावर सर्वांत कमी, आणि जो सर्वांत दूर होता त्याच्यावर सर्वांत जास्त. ऐपतीप्रमाणे आकारणी केली असं याचं समर्थन करता येईल. पण अंबराच्या पाठीशी राहणं किती महाग पडतं, हा धडा विजापूर आणि गोवळकोंड्याच्या खजिन्याला बसला तो बसलाच.

यातूनच १६२४ चं भातवडी घडलं. या पुस्तकातलं ते प्रकरण मी वाचकांना सावकाश वाचायला सांगेन. विजापूर आणि अंबर यांच्यात सोलापूरचा जुना खटका होता. सोलापूर चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरला दिलेलं, आणि त्यावरून दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेली. हे भांडण वाढलं तेव्हा दोघांनीही एकच गोष्ट केली : दोघांनी मुघलांशी संधान बांधण्याचा प्रयत्न केला. मुघल सेनापती महाबतखानाने दोघांपैकी विजापूर निवडलं. मुघलांनी अंबराला निवडलं असतं तर त्याने नकार दिला असता, असं समजण्याचं मला काही कारण दिसत नाही. नायकांच्या बाबतीत आपण हे विसरतो. विजापूरची पाच हजारांची फौज मुल्ला महंमद लारीच्या हाताखाली बुऱ्हाणपूरला गेली आणि मुघलांसह अंबरावर चालून आली. अहमदनगरजवळ भातवडीच्या तलावाचं पाणी सोडून अंबराने शत्रूची छावणी चिखलात रुतवली. मुल्ला महंमद मारला गेला. निजामशाहीकडून लढताना शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले. समोरच्या बाजूला लखुजी जाधवराव होते, शहाजीराजांचे सासरे. परमानंदाने ‘शिवभारता’त या लढाईला जागा दिली ती उगीच नव्हे. मराठ्यांच्या एका पिढीने इथे दोन्ही बाजूंनी लढून पाहिलं. अंबराने मग विजापूरवर चाल केली, इब्राहिमचं लाडकं नौरसपूर लुटलं आणि सोलापूरही घेतलं. १६२६ साली तो वारला. त्याचा सर्वांत मोठा विजय एकेकाळच्या मित्रावर होता.

१६३३ साली दौलताबाद पडलं. वेढ्यात विजापूरने रणदुल्लाखान आणि मुरारपंत यांना कुमकेला पाठवलं होतं, पण ती कुमक आत पोचली नाही. शहाजीराजांनी पेमगिरीला आणखी एका निजामशाही मुलाच्या नावाने कारभार चालवला, विजापूरची फौज पाठीशी ठेवून. मग १६३६ साली शाहजहान जातीने दौलताबादला आला आणि त्याने विजापूरच्या मुलखात तीन बाजूंनी तीन फौजा सोडल्या : एक सोलापूरच्या अंगाने, एक इंदापूरकडून, एक बिदरकडून. गावं जाळली, माणसं धरून नेली. मे महिन्यात तह झाला. विजापूरने २० लाखांची पेशकश द्यायची, निजामशाहीचा नाद सोडायचा, आणि शहाजीराजांनी किल्ले सोपवल्याशिवाय त्यांना थारा द्यायचा नाही. बदल्यात मेलेल्या निजामशाहीतून पन्नासेक परगणे : सोलापूर, परंडा, उत्तर कोकण, पुणे, चाकण. ज्या सोलापूरसाठी इतकं रक्त सांडलं ते अखेर मुघलांच्या हातून भेट म्हणून मिळालं. शहाजीराजांनी त्याच वर्षी माहुलीला शस्त्र खाली ठेवलं.

विसाव्या शतकात याच्याशी बरोबर जुळणारी एक गोष्ट घडलेली आहे. ३० सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देण्याचा करार झाला. त्याच दिवशी पोलंडने चेकोस्लोव्हाकियाला निर्वाणीचा खलिता पाठवला आणि चारच दिवसांच्या आत टेशेनचा तुकडा आपल्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तो मुलूख आमचाच, असं पोलंडचं म्हणणं होतं, आणि तिथे पोलिश लोक होते हेही खरं. अकरा महिन्यांनी जर्मन रणगाडे पोलंडमध्ये घुसले. विजापूरला पन्नास वर्षं मिळाली, इतकाच फरक.

तरीही महंमद आदिलशहाला मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. तीन बाजूंनी मुलूख जळत असताना, शेजारी जवळजवळ मेलेला असताना, कोणता राजा तह नाकारील? शिवाय तहानंतरची वीस वर्षं विजापूरला भरभराटीची गेली. दक्षिणेत कर्नाटकात मुलूख वाढला, गोलघुमट उभा राहिला. १६५६ मध्ये महंमद वारला तेव्हा १६३६ चा तह हा त्याच्या शहाणपणाचाच दाखला वाटत असला पाहिजे. दुसऱ्याच वर्षी औरंगजेबाने बिदर आणि कल्याणी घेतलं. अशा तहाचं फळ गोड लागतं आणि कडू चव उशिरा येते. म्हणूनच तो पुन्हापुन्हा केला जातो.

उलट बाजूची दोन उदाहरणं या पुस्तकात तपशिलाने आली आहेत आणि माझ्या मते तीच त्याचं हृदय आहेत. पहिलं १६६५-६६ चं. पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर निघाले, आणि या वेळी शिवाजी महाराज तहाने बांधलेले असल्यामुळे मुघलांच्या बाजूला होते. विजापूरकरांनी शहराभोवतीच्या विहिरी निकामी केल्या, झाडं तोडली, आणि गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाने नेकनामखानाबरोबर बारा हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ पाठवलं. ही मदत विजापूर अजून धडधाकट असताना आली. जयसिंगांना विजापूर न घेताच परतावं लागलं. दुसरं १६७९ चं. मुघल सरदार दिलेरखानाने विजापूरला वेढा दिला तेव्हा विजापूरच्या सिद्दी मसूदने महाराजांकडे मदत मागितली. तेरा वर्षांपूर्वी हेच महाराज हल्लेखोरांबरोबर होते, त्याआधी अफजलखान विजापूरहूनच आला होता, आणि त्या वेळी युवराज संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत होते. तरी महाराजांनी दहा हजार स्वार पाठवले, दोन हजार बैलांवर धान्य पाठवलं, आणि स्वतः मुघल मुलखात घुसून जालना लुटलं. जालना म्हणजे औरंगाबादच्या सुभेदाराचं परसदार. दिलेरला वेढा उठवावा लागला.

यातला बैलांवरचा दाणागोटा माझ्या मनात जास्त भरतो. फौजेची गोष्ट बखरकार सांगतात. पण वेढ्यातल्या शहराला आधी भाकरी लागते, आणि ती वेढा आवळला जाण्याआधी पोचावी लागते. आपल्या काळातलं एक उदाहरण इथे सहज आठवतं. २०१७ च्या जूनमध्ये भूतानच्या डोकलाममध्ये चीनने रस्ता बांधायला घेतला, तेव्हा भारतीय सैनिक रस्ता पुरा होण्याआधी तिथे जाऊन उभे राहिले आणि २८ ऑगस्टपर्यंत उभे राहिले. त्यात भारताचा स्वार्थ होता, सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा जवळच आहे. स्वार्थ होता म्हणूनच उशीर झाला नाही, असं मी म्हणेन.

१६७७ साली मालोजी घोरपड्यांना लिहिलेल्या पत्रात महाराजांनी दख्खनची सत्ता दख्खनच्या लोकांच्याच हाती राहावी असा विचार मांडला आहे. ते पत्र पुष्कळदा मिरवलं जातं. ते कोणाला लिहिलंय हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मालोजींचे वडील बाजी घोरपडे यांनी शहाजीराजांना कैद करण्यात भाग घेतला होता, आणि पुढे महाराजांनी बाजींना ठार केलं होतं. घरचं असं वैर मागे टाकून लिहिलेलं ते पत्र आहे. त्याच वर्षी महाराज भागानगरला (म्हणजे हैदराबादला) तानाशहाच्या भेटीला गेले. तानाशहाचे दिवाण मादण्णापंत यांच्या मध्यस्थीने करार झाला : दक्षिणेच्या मोहिमेसाठी गोवळकोंड्याने रोज तीन हजार होन, फौज आणि तोफखाना द्यायचा. जिंजी आणि वेल्लोर या मोहिमेत आले. जिंकलेल्या मुलखाची वाटणी मात्र झाली नाही आणि कुतुबशहा नाराज राहिला. महाराजांच्या चरित्रकारांना हे सांगायला अवघड जातं. या पुस्तकाच्या लेखकाने ते सरळ सांगितलं आहे, आणि ते बरं केलं.

शेवटचा अंक भराभर उलगडला. १६८५ च्या वसंतात विजापूरला अखेरचा वेढा पडला. तानाशहाने मदतीची तयारी केली, पण त्याचं एक पत्र मुघल छावणीत पकडलं गेलं. पोरक्या सिकंदर आदिलशहावर बादशहा उठला आहे, एका बाजूने संभाजी येईल, दुसरीकडून मी चाळीस हजार फौज पाठवतो, असा त्याचा आशय. फौज निघण्याआधी बादशहाला मनसुबा कळला, आणि त्याचा मुलगा शाहआलम गोवळकोंड्यावर निघाला. कुतुबशाही सेनापती मीर महंमद इब्राहिम मुघलांना मिळाला, हैदराबाद लुटलं गेलं, आणि १६८६ च्या मार्चमध्ये मादण्णा आणि त्यांचे बंधू अक्कण्णा यांचा भर रस्त्यात खून झाला. संभाजी महाराजांनी कवी कलशाला पन्हाळ्याकडे पाठवलं, पण मराठ्यांच्या अंगावरही त्याच वेळी मुघल फौजा होत्या. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडलं. बरोबर एका वर्षाने गोवळकोंडा पडला, तोही आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर, फितुराने उघडलेल्या दारातून. तानाशहावरच्या आरोपांमध्ये एक असा होता की त्याने संभाजीला एक लाख होन पाठवले. मुसलमान राजांविरुद्धच्या या युद्धाला मान्यता द्यायला बादशहाच्या काजीने नकार दिला होता आणि पद सोडलं होतं. हे सगळं निव्वळ धर्मयुद्ध होतं असं समजणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी या काजीकडे एकदा पाहावं.

याच ओघात आणखी एक नाव येतं. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी संभाजी महाराजांना पकडणारा मुकर्रबखान हा मूळचा शेख निजाम, कुतुबशाहीचा सरदार. मित्र पडला की त्याचे सेनापतीही शत्रूकडे जमा होतात, मुलूख ओळखणारे, वाटा ओळखणारे. मुघल छावणीत मनसब नेहमीच तयार असे.

साधनांविषयी थोडं. फारसी बखरी आणि दरबाराची बातमीपत्रं आज आपण मराठीत वाचू शकतो याचं फार मोठं श्रेय सेतुमाधवराव पगडींना आहे. निलंग्यात जन्मलेल्या, हैदराबाद संस्थानात अधिकारी झालेल्या या माणसाने मराठी वाचकाला शत्रूच्या छावणीत नेऊन बसवलं. औरंगाबादेत बरीच वर्षं काढलेला भीमसेन सक्सेना, खाफीखान, जहांगीरची स्वतःची रोजनिशी, यांच्या शेजारी परमानंद आणि मराठी पत्रं ठेवून वाचली की एकाच तहाचे तीन चेहरे दिसतात. लेखकाने तसं वाचलं आहे. गोवळकोंड्याच्या आतल्या कारभाराला, मादण्णांच्या करव्यवस्थेला, अधिक पानं मिळायला हवी होती असं मला वाटतं. रोज तीन हजार होन द्यायचे तर ते कुठून आले, हे वाचकाला कळायला हवं.

पुस्तक १६८७ ला थांबतं. ते योग्यच आहे, कारण त्यानंतर मदत करायला मराठ्यांना कोणी शेजारी उरला नाही. तरी एक गोष्ट १६८७ च्या पलीकडची. रायगड धोक्यात आला तेव्हा राजाराम महाराज दक्षिणेत निघून गेले आणि १६८९ च्या अखेरीस जिंजीला पोचले. मुघलांच्या झुल्फिकारखानाने वेढा दिला, तरी १६९८ च्या सुरुवातीपर्यंत किल्ला लढला, आणि तेवढ्या वेळात संताजी आणि धनाजींनी महाराष्ट्रात मुघलांना सळो की पळो केलं. ती जिंजी ज्या मोहिमेत मिळाली, तिचा खर्च १६७७ च्या करारात तानाशहाने उचलला होता.